थांबणाऱ्या डॉक्टरीणबाई

परदेशात डॉक्टरीणबाईंना कोणी डॉक्टरीणबाई म्हणत नसे. तिथे त्या असिस्टंट होत्या. म्हणजे दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसायचं आणि पेशंटच्या तोंडातलं पाणी सक्शनच्या नळीने ओढून घ्यायचं. पण आपल्या गावी त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचा दवाखाना चालवला होता आणि निम्म्या गावाच्या दाढा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, तेव्हा आपण त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणू. तो मान काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. ज्यांना दिला होता त्यांनी तो आधीच वापरला होता.

गावचा दवाखाना औषधाच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला ठणका किती आहे ते विचारूनच पुढे सरकावं. दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, पण इथे लोक बऱ्यापैकी हसत चढायचे, कारण डॉक्टरीणबाई थांबायच्या. मशीन दाढेला लावायचं, थोडं कोरायचं, की काढून घ्यायचं. "श्वास घ्या. थुंका. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" पेशंटला काही सांगावं लागत नसे. त्या एका डोळ्याने दाढ बघत आणि दुसऱ्या डोळ्याने पेशंटच्या पायाचे अंगठे. अंगठे आखडले की मशीन बाहेर. त्यांची एक दाढ होईपर्यंत पलीकडच्या गल्लीतला डॉक्टर दोघांना घरी पाठवत असे, पण ते दोघे पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंच्या जिन्यावर दिसत.

मग नवऱ्याला परदेशात नोकरी लागली. तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामावर होता, आणि तिकडच्या गोदामात त्याला मोठी जागा मिळाली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची विकली, पाटी उतरवली आणि लेकीला घेऊन निघाल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. माणसाचे दात इथे बत्तीस आणि तिथेही बत्तीस, मग काम मिळायला अडचण कसली?

अडचण अशी, की तिकडच्या कायद्याला त्यांची पदवी पुरत नव्हती. एक तर पुन्हा पहिलीपासून सगळं शिकायचं, नाही तर बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी काही कॉलेजांत जो छोटा अभ्यासक्रम असतो तिथे जागा मिळवायची. सगळं शिक्षण दोन वर्षांत उरकायचं आणि परवाना घ्यायचा. ऐकायला झकास. पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि जगभरातून दातांचे डॉक्टर त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले. आधी लेखी परीक्षा, मग भाषेची परीक्षा, मग जुन्या कॉलेजची मार्कलिस्ट, मग शिफारसपत्रं, मग मुलाखत, आणि या सगळ्यावर हाताची परीक्षा.

लेखी परीक्षा डॉक्टरीणबाई पहिल्या झटक्यात पास झाल्या. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्नानंतर नवऱ्याने कौतुकाने त्यांची सगळी प्रमाणपत्रं नेऊन लॅमिनेट करून आणली होती, पदवीसकट. कागद जन्मभर टिकावा म्हणून. तिकडच्या तपासणी कचेरीतल्या बाईने ती चकचकीत पदवी खिडकीतून हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "यावर शिक्का उमटत नाही. प्लास्टिक काढून आणा." प्लास्टिक काढायला गेलं की कागदही सोलून निघतो, हे त्या बाईला माहीत नसावं. नवीन प्रत मागवण्यात प्रवेशाचा एक मोसम गेला. पुढच्या मोसमात जुने प्राचार्य निवृत्त झालेले निघाले आणि नव्यांना डॉक्टरीणबाई कोण हे ठाऊक नव्हतं. त्यांनी शिफारसपत्रात "ही व्यक्ती आमच्याकडे शिकली असल्याचे दिसते" असं लिहून पाठवलं. दुसरं पत्र डॉक्टरीणबाई जिथे नळी धरत त्या दवाखान्याच्या मालकाने दिलं. त्याला आपण मोठे डॉक्टर म्हणू. त्यात लिहिलं होतं, की या वेळेवर येतात आणि अवजारांचं कपाट नीट लावतात.

मोठे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त मशीन सुरू केलं की ते दाढ संपेपर्यंत काढत नसत. पेशंटचे डोळे पाण्याने भरत, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळत, आणि इकडे स्टुलावर डॉक्टरीणबाईंचा जीव वरखाली होई. एकदा न राहवून त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या कोपराला हलकेच बोट लावलं. ते मान न वळवता म्हणाले, "तुम्ही सक्शन बघा." तेव्हापासून डॉक्टरीणबाई सक्शन बघत.

असं करता करता शेवटचा मोसम आला. शेवटचा, कारण लेखी परीक्षेचा निकाल ठरावीक वर्षंच चालतो आणि ती वर्षं संपत आली होती. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं बळ आता उरलं नव्हतं, हे त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं. या खेपेला जागा मिळाली तर डॉक्टर, नाही तर नळी आहेच. सगळीकडे अर्ज केले आणि दोनच कॉलेजांनी हाताच्या परीक्षेला बोलावलं.

पहिल्या कॉलेजातल्या दालनात बाकांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक बाकाला लोखंडी दांड्यावर एक डोकं बसवलेलं. रबराचे गाल, प्लास्टिकचे दात, डोळ्यांच्या जागी काहीच नाही. परीक्षक बाईंनी सुरुवातीलाच बजावलं, की हा तुमचा पेशंट आहे असं समजून वागा, त्याची मान माणसाची वळेल तेवढीच वळवा. दोन कामं होती. मागची एक दाढ कॅपसाठी चहूबाजूंनी तासायची आणि दुसऱ्या एका दातात भरण्यासाठी खड्डा कोरायचा.

घंटा झाली. डॉक्टरीणबाईंच्या हातात कित्येक वर्षांनी मशीन आलं, आणि हात काही विसरला नव्हता. दाढ अशी उतरू लागली की शेजारच्या बाकावरचा मुलगा क्षणभर आपलं काम सोडून बघत राहिला. दाढ उत्तम झाली. खड्डा मात्र अर्धाच झाला होता तेव्हा घंटा वाजली आणि सगळ्यांनी हात वर घेतले.

बाहेर पडताना परीक्षक बाई दाराशी उभ्या होत्या. खरं तर त्यांनी काही बोलायचं नसतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं काम स्वच्छ आहे. पण तुम्ही सारखं मशीन बाहेर काढत होता. कोणासाठी थांबत होता?"

डॉक्टरीणबाई नुसतं हसून बस गाठायला निघाल्या. परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या डोक्यासाठी थांबत होत्या. रबराच्या गालांना दम खाऊ देत होत्या. इतकंच काय, एकदा तर "थुंका" असंही पुटपुटल्या होत्या, ते त्यांना आता आठवलं. त्यांना हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की शेजारच्या माणसाने जागा बदलली. आठवडाभरात कॉलेजचा नकार आला, दोन ओळींचा, शुभेच्छांसकट.

त्या सुमाराला सासूबाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. सासूबाईंनी उभं आयुष्य टायपिंगचा क्लास चालवला होता. यंत्रांच्या खडखडाटात शिकवून शिकवून त्यांचा आवाज असा कमावलेला होता, की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर खालच्या मजल्यावरचा भाडेकरू ओ देई. नकारानंतर दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षेच्या सरावासाठी एक मशीन आणि एक डोकं घरी आणलं होतं, आणि ते डोकं जेवणाच्या टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर टॉवेल टाकला. "घास घेताना बघत बसतो मेला," त्या म्हणाल्या.

नकाराची हकिगत ऐकल्यावर त्यांनीच टॉवेल काढला.

"बस. कर बघू कसं करतेस ते."

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. थोडं कोरलं. काढलं.

"का थांबलीस?"

"सवय आहे हो आई. पेशंटला दम खायला नको का?"

"कुठाय पेशंट? हा? याला फुप्फुस तरी आहे का?"

"पण उद्या खरा माणूस आला म्हणजे?"

"उद्याचं उद्या बघू. आधी पास तर हो." सासूबाईंनी नातीच्या दप्तरातली पट्टी काढून घेतली. "माझ्या क्लासात पोरी टाइप करता करता मधेच थांबायच्या. काय लिहिलंय ते वाचत बसायच्या. मी म्हणायचे, वाचायचं काम साहेबाचं. आपलं काम बोटांचं. ज्या थांबल्या त्या नापास झाल्या. तू चालव."

मग रोज संध्याकाळी हा क्लास भरू लागला. डॉक्टरीणबाई कामावरून यायच्या, तोंड धुवायच्या आणि टेबलाशी बसायच्या. सासूबाई समोर पट्टी घेऊन. मशीन मधेच बाहेर आलं की पट्टी टेबलावर खाडकन. सुरुवातीला पट्टी इतकी वाजे की नवऱ्याने बातम्या ऐकायचं सोडून दिलं. तो दारातून डोकावून म्हणे, "आई, ती डॉक्टर आहे गं, टायपिस्ट नाही," आणि सासूबाई म्हणत, "डॉक्टर व्हायचीय अजून. तू चहा टाक."

हळूहळू पट्टी कमी वाजू लागली. डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती शोधून काढली होती. त्या समोरच्या डोक्याकडे बघतच नसत, फक्त दाढेकडे बघत. दाढेला अंगठे नसतात. दाढ ही एक वस्तू, तिला एवढा उतार द्यायचा, एवढी खोली द्यायची, कडा अशी ठेवायची, संपलं. असं बघितलं की हात आपोआप चालत राही. एका संध्याकाळी दोन्ही कामं पुरी झाली आणि पट्टी एकदाही वाजली नाही. सासूबाईंनी ती दप्तरात परत ठेवून दिली आणि म्हणाल्या, "आता स्पीड आला."

दवाखान्यातही फरक पडला होता. मोठे डॉक्टर कोरत असत, पेशंटचा हात दांड्यावर आवळला जाई, आणि डॉक्टरीणबाई शांतपणे पाणी ओढत असत. पूर्वी जीव वरखाली होई तसा आता होत नव्हता. हे बरं लक्षण की वाईट, हे बघायला घरात कोणाला सवड नव्हती. सगळ्यांचे डोळे दुसऱ्या कॉलेजच्या तारखेला लागले होते.

दुसऱ्या कॉलेजात घंटा व्हायच्या आधीच डॉक्टरीणबाईंचं सगळं काम झालं होतं. अवजारं पुसून ओळीने मांडली, हात मांडीवर ठेवले आणि इतरांची धावपळ बघत बसल्या. मुलाखतीत तिघे जण होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं काम केलंय, मग इथे येऊन नवीन काय शिकणार?"

"वेळेत संपवायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिघेही मनापासून हसले.

जागा मिळाली. निरोप आला तेव्हा नवरा गोदामात होता. त्याने फोनवर नुसतं "काय सांगतेस, काय सांगतेस" एवढंच चालवलं होतं, आणि मागून कोणीतरी त्याला काम सोडून नाचू नको म्हणून ओरडत होतं. सासूबाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि तमाम नातेवाइकांना दहाही बोटांनी कळवून टाकलं. त्यात स्वतःच्या क्लासचाही उल्लेख होता. डॉक्टरीणबाई न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडल्या. त्या मनापासून आनंदल्या होत्या. इतक्या वर्षांचं ओझं एका दमात उतरलं होतं.

कॉलेज सुरू झालं. त्यांच्या वर्गातली बरीचशी मुलं वयाने भाच्या-पुतण्यांएवढी. अंगातल्या कोटावर नावाखाली 'विद्यार्थी' असं शिवलेलं. डॉक्टरीणबाईंना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या महिन्यांत पुन्हा रबराची डोकी, आणि त्यात त्या सगळ्यांच्या पुढे. मास्तर इतर मुलांना म्हणायचे, "यांचा हात बघा. एकदा लागला की संपेपर्यंत निघत नाही."

मग खरे पेशंट द्यायची वेळ आली. कॉलेजच्या दवाखान्यात ओळीने खुर्च्या, मधे छातीइतक्या उंच फळ्या. प्रत्येक टप्प्याला मास्तरांची सही लागे, आणि खुर्ची ठरल्या वेळेपुरतीच आपली. डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला एक म्हातारे गृहस्थ आले. जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेले, पाठीला पोक, बोलायला मोकळे. दाढ तासून कॅप बसवायची होती. "किती वर्षांनी दातांच्या डॉक्टरकडे आलोय, विचारू नका," ते म्हणाले. "भीती वाटते हो मला. हसू नका."

"नाही हसत, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग दवाखान्यात प्रत्येक पेशंटला जे सांगायचा नियम होता ते सांगितलं. दुखलं किंवा नको वाटलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ते लागू झाल्याची खात्री केली, मशीन लावलं. दाढ उतरू लागली. वरचा भाग झाला, बाहेरची बाजू झाली. मास्तर फळीपलीकडून डोकावून गेले. आतली बाजू चालू होती आणि कडेचा शेवटचा पट्टा तेवढा राहिला होता, तेव्हा म्हाताऱ्यांचा डावा हात दांड्यावरून उचलला गेला. फार वर नाही, खांद्यापर्यंत. तिथे तो थोडा वेळ राहिला. मग खाली गेला. जरा वेळाने पुन्हा वर आला, आणि या वेळी त्याची बोटं उघडी होती. मग पुन्हा खाली गेला.

दाढ पुरी झाली तेव्हा बाकीच्या खुर्च्यांवर मशीनं अजून घुमत होती. मास्तरांनी आरसा घालून चहूबाजूंनी बघितलं, सही केली आणि म्हणाले, "सगळ्यांच्या आधी. आणि एक ओरखडा नाही. शाब्बास."

म्हाताऱ्यांनी चूळ भरली. रुमालाने तोंड पुसलं, डोळेही पुसले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट डॉक्टरीणबाईंना अवघड वाटू नये अशीच त्यांची धडपड दिसत होती.

"मी हात वर केला होता," ते म्हणाले. "तुम्हाला दिसला नसेल."

"नाही हो आजोबा. माझं सगळं लक्ष दाढेत होतं."

"असू द्या, असू द्या. झालं ना काम."

ते काठी घेऊन उठले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि तशाच उभ्या राहिल्या. हात त्यांना दिसला होता. दोन्ही वेळा दिसला होता, चांगला स्पष्ट. थोडंच तर राहिलंय, असं मनात आलं होतं आणि त्यांचा स्वतःचा हात चालत राहिला होता. आपल्या गावी एवढ्या वर्षांत त्या पेशंटशी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आज खोटं तोंडातून किती सहज बाहेर पडलं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. धावत जाऊन खरं सांगावं म्हणून त्या फळीच्या बाहेर आल्या.

म्हातारे काउंटरपाशी पोचले होते. कॅप बसवायची तारीख घ्यायची होती. त्यांची पाठ डॉक्टरीणबाईंकडे होती, आणि तारखा देणाऱ्या मुलीला ते आवाज खाली आणून काही सांगत होते.

"पुढच्या वेळी दुसरं कोणी मिळेल का, पोरी? बाई हुशार आहेत, माझी काही तक्रार नाही. पण त्या थांबत नाहीत."